येसू माझी नव्हती

रविवार, २ नोव्हेंबर

मुर्रीला टेकचंद सरांकडे गेलो होतो. सहा वर्षं नुसतं लिहून रोलप्ले करणारा, पात्र होऊन गोष्ट लिहिणारा माणूस आज पहिल्यांदा तोंडाने खेळायला बसला. याला टेबलटॉप म्हणतात. टेबल मात्र नाही. सरांच्या बैठकीतला दिवाण, त्यावर कुठल्याशा वाढदिवसाचा फ्लेक्स उलटा अंथरलेला, त्याच्या पांढऱ्या पाठीवर स्केचपेनने काढलेला नकाशा. फासा निळा, वीस तोंडांचा. सर कॉलेजात गणित शिकवतात, तेव्हा फासा हातात घेऊन आधी शक्यतेवर पाच मिनिटं बोलले. मग मुद्द्यावर आले. गोष्ट सर चालवणार. बाकीच्यांनी एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की नाही ते फासा सांगणार.

खेळणारे तीन. डॉली, दवाखान्यात नर्स, हिंदीच बोलते. पंकज, राईस मिलमध्ये मशीन बघतो, येताना चिवड्याचा पुडा आणतो आणि स्वतःच संपवतो. तिसरा मी.

सर म्हणाले, "खेमराजभाऊ, तुमचा माणूस कोण?"

भानजी सांगणार होतो. भानजी माझा आहे. तलाव बांधणारा, जमिनीचा उतार नजरेने ओळखणारा. सहा वर्षं मीच लिहितो त्याला. पण ऐन वेळी लक्षात आलं की भानजी बोलतच नाही, विचार करतो. कागदावर ते खपून जातं. चार ओळी विचार, एक ओळ बोलणं. दिवाणावर विचार कोणाला ऐकू येणार? सगळे माझ्या तोंडाकडे बघून राहिले होते. पंकजने चिवडा चावायचा थांबवला होता.

म्हणालो, "येसू."

निघून गेलं तोंडातून. येसू माझी नाही. तिठाताईंची आहे.

सोमवार, ३ नोव्हेंबर

दुकान. शेठ नागपूरला फ्रेमा आणायला गेले, म्हणून निवांत. दोन चष्मे बसवले, एका आजोबांचा स्क्रू.

सकाळी सातला ताईंची पोस्ट आलेली. सहा वर्षं हे असंच, एकच गोष्ट दोघांनी आलटूनपालटून लिहायची. ऑनलाइन फोरमवर त्यांचं नाव तिठा. खरं नाव मी विचारलं नाही, त्यांनी माझं विचारलं नाही. कोकणात राहतात, वाचनालयातून निवृत्त झाल्यात, साठीच्या पुढच्या. सकाळी एक तास लिहितात. मी दुपारी गिऱ्हाईक नसलं की उत्तर देतो. फोन नाही, फोटो नाही, आवाज नाही. पहिल्या आठवड्यात ठरलं ते आजवर पाळलं.

दुसरा नियम. आपलं पात्र आपण हलवायचं, दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही. भानजीने येसूचा हात धरला असं मी लिहू शकत नाही. भानजीने हात पुढे केला, इथं थांबायचं. येसू धरते की नाही ते ताई लिहिणार. सुरुवातीला एकदा घाईत "येसू हसली" असं लिहून बसलो होतो. ताईंचा निरोप आला, "ती हसली नव्हती. खोड ते." खोडलं. मग दोन दिवस उत्तर नव्हतं.

आणि काल तिला मी तीन गावं फिरवून आणली. एका कोतवालाशी भांडायला लावलं.

ताईंना सांगितलं नाही. एकदाच तर खेळलो. पुढच्या रविवारी भानजी घेईन.

बुधवार, ५ नोव्हेंबर

दोन्ही खेळ डोक्यात घोळत आहेत.

लिहिताना येसूला तलावाच्या पाळीवर चढायला तीन आठवडे लागले होते. ताईंनी तिच्या पायाखालचा एकेक दगड लिहिला. पाण्याचा रंग दिवस मावळताना बदलतो, त्याच्या सात ओळी. त्या ओळी मला आजही पाठ आहेत. दिवाणावर ती दोन तासांत तीन गावं फिरली आणि कोणत्याच गावचं झाड आठवत नाही.

पण. मी बोललो तेव्हा समोर तीन तोंडं होती. कोतवालाला "तुझ्या बापाचा तलाव आहे का?" म्हटलं तेव्हा पंकज टाळी देऊन हसला. सहा वर्षांत माझ्या कुठल्या ओळीला ताई हसल्या ते मला माहीत नाही. हसल्या असतील. लिहीत नाहीत तसं.

डॉली मात्र टोकत होती. "भैया, इतना लंबा मत बोलो. करती क्या है वो बताओ." लिहायची सवय. येसूचा पदर, येसूची नजर, वारा. सगळं सांगत बसलो होतो.

रविवार, ९ नोव्हेंबर

भानजी घेणार होतो. सरांनी फ्लेक्सवर आधीच येसूचं नाव लिहून ठेवलं होतं, खाली डोंग्याचं चित्र. तलावावर डोंगा चालवणारी बाई म्हणून. डॉली म्हणाली, "येसू के बिना मज़ा नहीं." येसूच घेतली.

आज चांगलं जमलं. अक्कल आली, थोडक्यात बोललो. गंमत म्हणजे ताईंची येसू जरा पुस्तकी बोलते, जपून, शब्द निवडून. माझ्या तोंडात ती आपसूक आमच्या आजीसारखी बोलायला लागली. "कायले आला रे इकडे? पानी पाहाले का मानसं पाहाले?" सरांच्या आई आत लाखोळीची भाजी निवडत होत्या, तिथून हसल्या.

मध्येच सरांनी विचारलं, "येसूच्या घरी कोण कोण?" लिहिताना असा प्रश्न आला असता तर चार दिवस घेतले असते. म्हणजे ताईंनी घेतले असते. मी दोन सेकंदांत बोललो, "भाऊ होता. डोमा. पानी सोडाच्या वेळी तुडुमाच्या दारात बुडाला. तवापासून ती रात्री दार उघडत नाही."

कुठून आलं कोण जाणे. डॉली पुढे सरकून बसली. पंकजसुद्धा.

घरी येताना सायकलवर गाणं म्हणत होतो. मग ताईंची आठवण झाली आणि गाणं थांबलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

बायकोला, ल.ला, सांगून टाकलं. ती अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये मान घालून बसली होती, वर न बघताच ऐकलं. भानजी-येसू तिला सगळे माहीत आहेत. कधीमधी विचारतेही, "तुमची ती बाई पोहोचली का घरी?" मत्सर वगैरे काही नाही. उलट म्हणते, जुगारापेक्षा बरं.

पण आज रजिस्टर मिटलं.

"त्या बाईची बाई तुमी काऊन नेली?"

"नेली म्हणजे, नावच घेतलं फक्त."

"कोनाच्या घरचं गंज-भांडं आनलं तरी मानूस सांगून आनते. तुमी अख्खी बाई आनली."

"ताईंना कळणार कसं? त्या तिकडे, हे इकडे."

"कळाचं मी म्हनूनच नाही राहिली," ल. म्हणाली आणि पुन्हा रजिस्टर उघडलं.

तिचं हेच. एक वाक्य टाकते आणि कामाला लागते. मला राग आला. तिचा नाही, पण आला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

झालं. व्हायचं ते झालं.

काल दुपारी दुकानात गर्दी होती, घाईघाईत उत्तर लिहिलं. पोस्टमध्ये येसू भानजीला डोंगा वल्हवायला शिकवते आहे. मी भानजीची बाजू लिहिली, तो पाण्याकडे बघतो वगैरे, आणि ओघात लिहून गेलो, "डोमाचं नाव त्याने घेतलं नाही. येसूसमोर ते नाव घ्यायचं नसतं." पाठवलं आणि एका बाईंच्या दुहेरी नंबराच्या काचा बसवायला गेलो.

आज सकाळी ताईंची पोस्ट नाही, निरोप आहे.

"डोमा कोण?"

फोन हातात तसाच. शेठ म्हणाले, "क्या हुआ, किसी का फोन है?"

दुपारी उत्तर दिलं, चुकून दुसऱ्या गोष्टीतलं नाव आलं, खोडतो. दुसरी गोष्ट लिहीत नाही मी, हे ताईंना माहीत आहे.

संध्याकाळी त्यांचा निरोप. "येसूला भाऊ आहे हे मी कधी लिहिलेलं नाही. पण आहे. मी सहा वर्षं मनात ठेवला होता. नाव वेगळं आहे. तुला कसं कळलं?"

म्हणजे तो भाऊ खरंच होता. ताईंनी जपून ठेवलेला, वेळ आली की लिहायचा म्हणून. मी दोन सेकंदांत बोलून मोकळा.

उत्तर दिलं, "कळलं नाही. सुचलं."

हे खोटं नाही. खरंही नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

खेळ नाही. सरांकडे धानाची मळणी. बरं झालं.

ताईंची पोस्ट आली, डोमाचा उल्लेख नाही. जणू काही झालं नाही. पण दोन परिच्छेदच. एरवी चार असतात.

रविवार, २३ नोव्हेंबर

येसू मेली.

सरळ लिहितो. वरचा तलाव फुटायला आलेला, खाली गाव. तुडूम, पाणी सोडायचं तळाचं दार, उघडलं तर पाणी वाटेला लागेल, पण ते पाण्याखाली, हाताने उघडायचं. डॉलीची वैद्यबाई म्हणाली गाव रिकामं करू. पंकजचा लोहार म्हणाला पाळ दुसरीकडून फोडू. वेळ होता. मी म्हणालो येसू उतरते. सर म्हणाले, "नक्की?" म्हटलं नक्की. कोणी सांगितलं नव्हतं. मीच.

आठच्या वर हवा होता. तीन पडला.

पंकज म्हणाला, "सर, एक डाव परत टाकू द्या ना." सरांचा नियम एकच आहे. फासा जमिनीवर पडला तर परत, दिवाणावर पडला तर तोच. फासा फ्लेक्सच्या बरोबर मध्ये होता. सर म्हणाले, "तुडूम उघडलं. गाव वाचलं. येसूले पाण्यानं नेलं."

मग मी येसू म्हणून शेवटचं काहीतरी बोललो आणि थांबलो. डॉलीने डोळे पुसले आणि हसली, "अरे यार, ये क्या हो रहा है मुझे." मेलेल्या पात्राचा कागद सर चार घड्या करून दिवाणाखालच्या बिस्किटांच्या डब्यात ठेवतात. पंकजचे दोघं आधीपासून आत आहेत, त्याला सवय झाली आहे. येसूचा कागद माझ्या हाताने ठेवायला लावला.

फार मोठा खेळ झाला आज. असं लिहिताना कधीच झालं नाही. लिहिताना आधी ठरतं, आज कोणाला काय होणार. ताईंना विचारल्याशिवाय मी भानजीला सर्दी होऊ देत नाही.

आणि त्याच ताईंच्या येसूसाठी मुर्रीत चार माणसं हळहळली. ताईंना पत्ता नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सात वाजता पोस्ट. चार परिच्छेद, पूर्वीसारखे. येसू डोंग्यात उभी आहे, ऊन आहे, भानजीच्या वेंधळेपणावर ती हसते आहे. ताईंनी तिला हसवलं. शेवटची ओळ, "येसूने वल्हं त्याच्यापुढे धरलं."

आता माझी पाळी. भानजीने वल्हं घ्यायचं, एवढंच.

दिवसभरात पाच वेळा लिहायला बसलो. भानजी तिच्याकडे बघतो असं लिहिलं की मला पाणी दिसतं. खोडलं.

रविवार, ३० नोव्हेंबर

सात दिवस झाले, उत्तर दिलेलं नाही. अडचण असली तर "थांबतो" एवढं लिहायचं असं आमचं ठरलेलं. तेही लिहिलं नाही. लिहिलं तर त्या विचारतील, का म्हणून.

सरांकडे गेलो. नवीन माणूस घ्या म्हणाले. म्हटलं आज नको, मी नुसती नोंद ठेवतो. वही घेऊन कोपऱ्यात बसलो. कोण काय बोललं ते लिहीत गेलो, पण हात मागे पडतो. बोलणं पुढे निघून जातं. पंकजचं एक फार मजेदार वाक्य होतं. वहीत आहे ते अर्धंच.

गुरुवार, ४ डिसेंबर

ल. म्हणाली, "जेवताना मोबाइल पालथा ठेवता, उलटा करता, पालथा ठेवता. सांगा तिले."

"तोडून टाकतील त्या. सहा वर्षांचं."

"मंग तोडू द्या. तिचा हक्क आहे तो."

दुपारी दुकानात बसून लिहिलं. तीन मसुदे. पहिल्यात मी स्वतःची बाजू फार छान मांडली होती, म्हणून खोडला. शेवटी हे पाठवलं:

"ताई, इथे आम्ही चौघं फाशांचा खेळ खेळतो. त्यात मी येसू घेतली. तुम्हाला विचारलं नाही. डोमा तिथे सुचला. २३ तारखेला येसू तिथे मेली. पाण्यात. चूक माझी. भानजीला मी लिहू शकत नाही, म्हणून उत्तर नाही. रागवा."

"रागवा" नको होतं. ते लिहून मीच ठरवलं त्यांनी काय करायचं. पाठवल्यावर सुचलं.

सोमवार, ८ डिसेंबर

काही नाही. चार दिवस. निरोप वाचला आहे असं दिसतं, बस.

दिवाणावर कोणी चिडलं तर दिसतं. मागे डॉली पंकजवर चिडली होती, त्याने तिच्या वैद्यबाईची औषधं विकून खाल्ली म्हणून. पाच मिनिटं तोंड फिरवून बसली, मग सरांच्या आईंनी चहा आणला आणि मिटलं. इथं ताई चिडल्यात, की रडल्यात, की त्यांच्याकडे वीज गेली आहे, काहीच कळत नाही. सहा वर्षं हेच बरं वाटत होतं. तोंड दिसत नाही म्हणून मोकळं लिहिता येतं, असं मीच लोकांना सांगत होतो.

एका गिऱ्हाईकाच्या डाव्या-उजव्या काचा उलट्या बसवल्या. शेठ बोलले. बरोबर बोलले.

बुधवार, १० डिसेंबर

आला. सकाळी सातलाच.

"फासा कोणी टाकला?"

लगेच उत्तर दिलं, "मीच."

मग हे:

"शेवटी ती काय म्हणाली? शब्द सांग. तू नंतर रचलेले नकोत, तिथे बोललेले. मी तिचा एक शब्दही कधी हरवू दिलेला नाही, सगळं छापून फायलीत लावलं आहे. तू तिला माझ्याशिवाय मारलीस तर निदान तेवढं तरी दे. शब्द मिळाले तर पुढे लिहायचं का ते ठरवीन. नाही मिळाले तर इथेच थांबू."

मला शब्द आठवत नाहीत.

खरंच आठवत नाहीत. मीच बोललो, सतरा दिवस झाले, एक शब्द आठवत नाही. सरांचा चेहरा आठवतो, फाशाचा तीन आठवतो, डॉलीचा रुमाल आठवतो.

गुरुवार, ११ डिसेंबर

दुपारी सहज टाइप करून पाहिलं. दोन मिनिटं लागली.

"पाण्याला वाट द्या. मला वाट आहे."

वाचलं. चांगलं आहे. ताईंना आवडलं असतं. येसूला शोभतं. फायलीत लावलं असतं त्यांनी, वर तारीख घालून. आणि उद्यापासून सगळं पूर्ववत.

पुसून टाकलं. तीनदा परत टाइप केलं, तीनदा पुसलं. ल.ला सांगितलं नाही. तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं असतं ते माहीत आहे.

रविवारी सगळ्यांना विचारतो. चार माणसं होती, कोणाच्या तरी लक्षात असेल.

रविवार, १४ डिसेंबर

विचारलं. जसं सांगितलं तसं उतरवून घेतलं, लगेच, वहीत.

डॉली: "वो बोली थी, 'गाँव को बोलना मैं आई थी.' पक्का. मैं तो उसी पे रोई."

पंकज: "काहीच नाही म्हनली भाऊ. तुमी तोंड उघडलं अन् बंद केलं. मले वाटलं तुमाले ठसका लागला."

सर: "'डोमा, सरक थोडा' असं काहीतरी. भाऊ खाली आहे असं समजून. मला तर फार आवडलं होतं, मी कॉलेजात सांगितलंही." मग त्यांचं त्यांनाच वाटलं, "की ते मी कॉलेजात सांगताना घातलं?"

तीन माणसं, तीन गोष्टी. आणि मी चौथा, माझ्याकडे शून्य. सरांच्या आई आतून आल्या, चहाचा ट्रे घेऊन. म्हणाल्या, "मी आयकलं ना. हा बाबू म्हने, 'ताई, मी नाही विचारलं.' दोन डाव तेच म्हने. मले वाटलं डॉलीले म्हनून राहिला."

सर म्हणाले, "आई, येसूला ताई नाही." आई म्हणाल्या, "मले काय मालूम, मी भाजी निवडून राहिली होती."

मी चहा घेतला नाही. बाहेर येऊन सायकलजवळ उभा राहिलो. रडू आलं, ते आलं.

आईंचं खरं असेल का? वाटतं असेल. पण मला तसं वाटावंसं वाटतं, म्हणूनही वाटत असेल.

सोमवार, १५ डिसेंबर

चारही पाठवले. कोणी सांगितलं ते नावानिशी. खाली लिहिलं, "मला स्वतःला आठवत नाही. चारांतला एक मी निवडत नाही."

चौथा, आईंचा, पाठवायचा की नाही यावर तासभर गेला. पाठवला नसता तर ते निवडणंच झालं असतं.

बुधवार, १७ डिसेंबर

ताई: "रविवारी किती वाजता बसता?"

खाली एक फोन नंबर.

"लाव आणि सगळ्यांच्या मध्ये ठेव."

सहा वर्षांचा नियम त्यांनीच मोडला. कशासाठी ते लिहिलं नाही. मी विचारलं नाही. "तीन वाजता" एवढंच लिहिलं.

रविवार, २१ डिसेंबर

ल.पण आली मुर्रीला. "मले त्या बाईचा आवाज तरी आयकू द्या." येताना तिळाच्या वड्या घेऊन आली, फोनवरच्या बाईला काय त्यांचा उपयोग. पंकजला झाला.

तीन वाजता फोन लावला, स्पीकर करून फ्लेक्सच्या मध्ये ठेवला. जिथे तीन पडला होता साधारण तिथे. मुद्दाम नाही.

"नमस्कार," आवाज आला. "मी तिठा."

मी मनात धरलेला आवाज बारीक होता, शिक्षिकेसारखा. हा जाड, बसका, मध्येच खोकणारा. मागे कोणीतरी भांडी घासत होतं. ल.ने माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे, आणि पदर सारखा केला.

सरांनी सगळ्यांची ओळख करून दिली. कोणालाच पुढे काय करायचं ते कळेना. सरांना जे येतं ते त्यांनी केलं. विचारलं, "ताई, तुमचा माणूस कोण?"

मागची भांडी थांबली.

"भानजी."

मला विचारलं नाही. मी तरी कुठे विचारलं होतं.

भानजी त्या फाशाखाली. सहा वर्षं सर्दी होऊ दिली नाही मी त्याला. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. काय म्हणून हलवली माहीत नाही.

सर म्हणाले, "फोनवरून फासा टाकता येणार नाही. ताईंचा फासा खेमराजभाऊ टाकतील. बरं, भानजी काय करतो?"

"पाळीवर येतो," ताई म्हणाल्या. "आणि विचारतो."

"कोणाला?"

"जो असेल त्याला. येसू कुठे आहे?"

नुसत्या प्रश्नाला फासा लागत नाही. सरांनी तो उचलून मुठीत धरला. डॉलीने दिवाणाखालच्या डब्याकडे बघितलं. पंकज खाली बघत होता. माझ्याकडे आज कोणी पात्र नव्हतं, मी नुसता नोंद ठेवणारा. डॉलीने माझ्या मांडीवरची वही ओढून घेतली, पेन घेतला. "आप बोलो भैया. मैं लिखती हूँ."

मी बोललो. येसू पाण्यात कशी गेली ते, पण येसू म्हणून नाही, कोणी म्हणूनच नाही. किती वेळ ते माहीत नाही. खोडायची सोय नव्हती. ल. दाराशी उभी होती, हातात वडीचा डबा तसाच.

संपलं तेव्हा पलीकडे काही नाही. मला वाटलं फोन कटला. सरांनी वाकून बघितलं, मिनिटं चालूच होती.

मग ताई खोकल्या. म्हणाल्या, "बरं."

मग म्हणाल्या, "भानजी पाळीवर उभा आहे. त्याला कोणी हात लावायचा नाही."

आणि फोन ठेवला.

पंकज म्हणाला, "म्हंजे? खेळ संपला का चालू आहे?" सरांनी फासा खिशात टाकला. त्यांनाही माहीत नव्हतं.

येताना ल. सायकलवर मागे बसली होती. रेल्वेचं फाटक बंद होतं तिथे थांबलो तेव्हा म्हणाली, "थकलेली वाटली बाई."

सोमवार, २२ डिसेंबर

सात वाजून गेले. ताईंची पोस्ट नाही. असणारच नाही म्हणा. पाळी माझी आहे, २४ नोव्हेंबरपासून माझीच आहे.

वही डॉलीने परत दिली. तिने सगळं देवनागरीत पण हिंदीत लिहिलं आहे. मी मराठीत बोललो, तिच्या हातून उतरलं ते हिंदी. दोन पानं. दोन ठिकाणी मी असं बोललोच नव्हतो असं वाटतं. खोडलं नाही.

दुकान उघडायच्या आधी बाकावर बसून फोरम उघडला. ताईंची ओळ तिथेच आहे. येसू डोंग्यात उभी, ऊन, तिने वल्हं पुढे धरलेलं. तिथे ती मेलेली नाही. इथल्या डब्यात चार घड्यांत आहे. भानजी तिथे डोंग्यात आहे आणि कालपासून पाळीवरही उभा आहे, त्याला हात लावायचा नाही.

निरोपाच्या खिडकीत लिहिलं, "ताई, भानजीने वल्हं धरलं तर चालेल का?"

पाठवलं. शटर वर केलं.